डावीकडची कुरकुर : एका मॉरिस मायनरचं प्रकरण

सप्टेंबर २०१९. रविवारची संध्याकाळ, इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यातल्या एका सभागृहाचं पार्किंग. मराठी मंडळींचा गणपती नुकताच आटोपला होता. मी गाडी मागे घेत होतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, वेग माणूस चालतो त्याहून कमी. बायको शेजारच्या सीटवर. मागे शेजारच्या काकू आणि त्यांच्या मांडीवर उरलेल्या मोदकांचा डबा. ‘खाड्’ असा एकच आवाज झाला आणि गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसला. उतरून पाहिलं तर चाक मडगार्डखाली तिरकं पडलेलं, घोट्यात मुरगळलेल्या पायासारखं. कुणाला खरचटलं नाही. डब्याचं झाकणही निघालं नाही.

आदल्याच दिवशी याच गाडीने मी ए-४६ महामार्गावरून ताशी पन्नास मैलांनी गेलो होतो. हे वाक्य एकदाच लिहितो, पुन्हा त्या बाजूला जाणार नाही.

कारखान्यात मी तीसेक वर्षं असले अहवाल लिहिले. काय मोडलं, का मोडलं, आधी कळू शकलं असतं का. या गाडीचा अहवाल कुणी मागितलेला नाही, पण तिसऱ्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. कारण त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते माझ्या बायकोला सहा महिने आधीच ठाऊक होतं.

गाडी

मॉरिस मायनर १०००, दोन दारांची, १९६६ ची. इंजिन १०९८ सीसी, ४८ अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. रंगाचं नाव स्मोक ग्रे, पण डोळ्याला निळसर दिसतो. २००४ साली एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतली. घरात तिचं नाव ठमाबाई. का, ते समोरून पाहिलं की कळतं : गोल दिवे, गुबगुबीत मडगार्ड, चेहऱ्यावर ‘जेवून जा’ असा भाव.

मायनरच घ्यायची हे मात्र साताऱ्यात ठरलं होतं, मी सहा-सात वर्षांचा असताना. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे बेबी हिंदुस्तान होती. हिंदुस्तान मोटर्सने मायनरच त्या नावाने भारतात आणली होती. तिला आजच्यासारखे लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते. दाराच्या मागच्या खांबातून एक छोटासा केशरी हात बाहेर पडायचा आणि वळण संपलं की आत जायचा. आम्ही पोरं तो हात बघण्यासाठी चौकात उभी राहायचो, आणि डॉक्टर कधी कधी वळायचं नसतानाही तो काढून दाखवायचे. इंग्लंडमध्येही १९६१ नंतर ते हात गेले, त्यामुळे ठमाबाईला ते नाहीत. ही एक खंत सोडली तर बाकी सगळं तेच : तोच वास, तीच पातळ स्टिअरिंगची कडी.

मायनर या गाडीचा जन्म महायुद्धाच्या काळातला. अभियंता ॲलेक इसिगोनिसने आखणी केली तेव्हा प्रकल्पाचं नाव होतं मॉस्किटो. उत्पादन तोंडावर आलेलं असताना त्याला वाटलं, गाडी अरुंद दिसते. मग नमुन्याची गाडी उभी चिरली आणि दोन अर्धुकं एकमेकांपासून सरकवून बघितली. चार इंच अंतर ठेवल्यावर त्याचं समाधान झालं. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो, तो या चार इंचांचा. कंपनीचे धनी लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ही गाडी म्हणजे पाण्यात उकडलेलं अंडं वाटे. १९४८ च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि १९७१ पर्यंत सोळा लाखांवर निघाल्या. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कंपनीने ३५० गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढल्या. एक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. नफिल्डसाहेबांचं अंडं बरं होतं म्हणायचं.

आवाज

मायनर चालवणं म्हणजे निम्मं ऐकणं. किल्ली फिरवली की इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोलपंप टिकटिकू लागतो. कार्ब्युरेटरची वाटी भरेपर्यंत भराभर, मग सावकाश, मग गप्प. गप्प झाला की सगळं ठीक. गप्प होतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी पेट्रोल गळतंय. पहिला गिअर सिंक्रोमेशशिवायचा, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय त्याला नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही आणि टाकला की तो कण्हतो. उतारावर पाय उचलला की सायलेन्सरमधून ‘फुर्रर्र’ येतं, आजोबांनी नातवाला हसवायला ओठ फडफडवावेत तसं. बसस्टॉपवरचे लोक या आवाजाला मान वळवतात आणि हसतात. पन्नाशी ओलांडलेला इंग्रज असला तर जवळ येऊन सांगतो की माझ्या आईकडे होती, किंवा जिल्ह्याच्या नर्सबाई हिच्यातून यायच्या, किंवा मी ड्रायव्हिंगची परीक्षा हिच्यावर दिली. पेट्रोलपंपावर माझी पंधरा मिनिटं यातच जातात. पंधरा वर्षांत त्यातला एकही मला कंटाळवाणा वाटला नाही.

या आवाजांच्या मी प्रेमात होतो, आणि प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

मार्च २०१९ मध्ये, हिवाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत बायको म्हणाली, “अहो, डावीकडून काहीतरी कुरकुरतंय.”

“त्रेपन्न वर्षांची बाई आहे. गुडघे वाजणारच.”

दोघंही हसलो. मे महिन्यात ती पुन्हा म्हणाली. वळताना जास्त येतो, म्हणाली. मी कान दिला, आला खरा. सुतारपक्ष्यासारखा नाही, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मला तो आवडला, हे कबूल करतो. टिकटिक, कण्हणं आणि फुर्रर्र यांच्या जोडीला ठमाबाईने एक नवा शब्द शिकला असं वाटलं. त्याच सुमारास पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागायला लागलं आणि वळण संपल्यावर ते आपसूक सरळ येईनासं झालं. टायरमध्ये हवा भरली. दोनदा. तिसऱ्यांदा, माझंच वय झालं असं म्हटलं.

इंग्लंडमध्ये गाडी उजवीकडे बसून चालवतात, म्हणजे डावं चाक बायकोच्या पायाशी. ती ते चाक रोज ऐकत होती. मी इंजिन ऐकत होतो.

काय मोडलं

टो-ट्रकवाला आला, टॉर्च घेऊन वाकला आणि उठायच्या आधीच म्हणाला, “ट्रनियन.” मायनर असं चाक मोडून बसली की इथल्या जाणत्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मलाही सुचायला हवं होतं.

ट्रनियन म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभी पोलादी दांडी असते, किंगपिन. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे पाडलेले. प्रत्येक टोक आतून आटे असलेल्या एका ठोकळ्यात फिरतं. हे ठोकळे म्हणजे ट्रनियन. स्टिअरिंग वळवलं की किंगपिन या दोन ठोकळ्यांत स्क्रूसारखी थोडी फिरते आणि चाक वळतं. वरचा ट्रनियन शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला जोडलेला, खालचा सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला. या गाडीला पुढे स्प्रिंग किंवा पाटे नाहीत. त्यांच्याऐवजी टॉर्शन बार आहे : जमिनीला समांतर मागे गेलेली एक लांब सळई, जिचं मागचं टोक घट्ट बांधलेलं असतं. खड्डा आला की ती पिळली जाते आणि पीळ सोडते.

आता वजन कुठून कुठे जातं ते पाहा. गाडीचा तो कोपरा टॉर्शन बारमार्फत खालच्या आर्मवर येतो. आर्म खालच्या ट्रनियनला खाली ओढतो. आणि ट्रनियन किंगपिनचे आटे धरून लटकलेला असतो. म्हणजे एक नट, जो कधीच आवळायचा नाही, सतत फिरता ठेवायचा, आणि त्यावर पाव गाडी टांगायची. असली रचना कुणी का करावी, हा प्रश्न मला आधी पडला होता; आता पडत नाही. ती स्वस्त होती, साधी होती, आणि वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर वर्षानुवर्षं चालत होती. त्या काळातल्या ट्रायम्फ हेरल्डलाही खाली असाच आट्यांचा ट्रनियन होता. मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनायची तीच ती. तिला मात्र ग्रीस नको, नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागे, आणि हौशी मालकांनी ग्रीस भरून भरून अनेक हेरल्ड बसवल्या. प्रत्येक घरची पूजा वेगळी.

गॅरेजमध्ये आर्म खाली आणला तेव्हा ट्रनियन हातात आला. आत आटे नव्हते. नुसती गुळगुळीत भिंत, आणि तळाशी पोलादाचा चुरा मिसळलेलं तपकिरी मेण. ते मेण म्हणजे एके काळचं ग्रीस. नखाने खरवडावं लागलं. किंगपिनवरचे आटे उरले होते, पण झिजून झिजून चाकूच्या धारेसारखे. उजवी बाजू उघडली. तिथे अजून धर होता, मात्र नव्या सुट्या भागाशी ताडून पाहिलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

काकांचा फोन

हे उघडण्याच्या दोन दिवस आधी मी साताऱ्याला काकांना फोन केला होता. काका चौऱ्याऐंशीचे. त्यांनी पंचवीसएक वर्षं अँबॅसिडर वापरली, म्हणजे आमच्या मायनरची थोरली चुलत बहीण, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. चाक मोडलं एवढंच मी सांगितलं.

“ग्रीस केव्हा मारलं होतंस?”

“दर वसंतात मारतो, काका. वर्षाला दीड हजार मैलसुद्धा होत नाहीत.”

“बरं. कुठून बाहेर आलं?”

मी म्हटलं, निपलपाशी, म्हणजे ग्रीसगन लावायच्या बोंडापाशी. भरपूर आलं. पुसून काढावं लागलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “अरे, निपलपाशी आलं म्हणजे आत गेलंच नाही.”

मग त्यांनी पोवई नाक्याजवळच्या पेट्रोलपंपाचं सांगितलं. रॅम्पवर गाडी चढवायची, पोऱ्या खाली उतरायचा, आणि काका बाजूला वाकून उभे. पोऱ्याने ‘झालं साहेब’ म्हटलं तरी हलायचे नाहीत. आधी काळं ग्रीस बाहेर पडलं पाहिजे, मग काळं-पिवळं, मग नुसतं पिवळं. पिवळं दिसलं की पैसे. “आणि चाक लोंबतं ठेवून मारलंस की जमिनीवर?” काकांनी शेवटी विचारलं. जमिनीवर. गाडी टेकलेली असताना आटे एका अंगाने दाबलेले असतात, आणि नेमक्या त्या दाबलेल्या अंगाला ग्रीस पोहोचत नाही. गाडी उचलायची, चाक लोंबकळू द्यायचं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ग्रीसगन दाबायची. इथले जाणते मालक दर हजार मैलांनी असंच करतात. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, हीच अडचण.

यंत्रशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, रोगाचं निदान मात्र सात हजार किलोमीटरवरून काकांनी केलं. पुढे भाग उघडल्यावर तेच निघालं. निपलचं छिद्र आतून त्या मेणाने बुजलेलं, आणि मी दर वसंतात ग्रीसगनने निपलला बाहेरून लेप लावत होतो. मैल कमी, म्हणून मला वाटायचं झीज कमी. मैल कमी म्हणून तर ग्रीस जागेवरच सुकलं.

कागद

एक गोष्ट टो-ट्रकची वाट बघतानाच हाती लागली होती. विम्याचे कागद काढायला डॅशबोर्डचा खण उघडला, आणि त्यात २०१७ ची एमओटी सापडली.

एमओटी म्हणजे इथली वार्षिक तपासणी, आपल्याकडच्या पासिंगसारखी. फरक इतकाच की तपासणारा खरोखर गाडीखाली जातो. आमच्या तपासनीसाची पद्धत ठरलेली. चाक अधांतरी करून टायरखाली पहार घालायची आणि वर-खाली उचकून बघायचं. त्या वर्षी त्याने गाडी पास केली, पण खाली सूचना लिहिली होती : पुढे डावीकडे, खालच्या जोडात किंचित खेळ. मी ती वाचली असणार. ‘पास’ हा शब्द आधी वाचला असणार.

मग २० मे २०१८ पासून नियम बदलला. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती राहिली नाही. रस्त्याचा कर तर १९७३ आधीच्या गाड्यांना नव्वदच्या दशकातच माफ झाला होता. एमओटीची सक्ती गेली त्या संध्याकाळी मी मित्रांना पार्टी दिली होती. सरकारने ठमाबाईला ज्येष्ठ नागरिक मानलं, असं काहीतरी बोललोही होतो. पहार घेऊन चाक उचकणारा एकमेव माणूस त्या दिवसापासून माझ्या गाडीच्या आयुष्यातून गेला. आणि मी तिला धुतलं. पॉलिश केलं. क्रोम घासलं. सीटच्या शिवणी नव्या करून घेतल्या. दर रविवारी तासभर मी त्या गाडीपाशी असायचो आणि त्या तासातला मिनिटभरसुद्धा तिच्याखाली नसायचो.

नियमाला मी दोष देत नाही. तपासणी करून घ्यायला बंदी कुणी केली नव्हती.

दुरुस्ती

सुटे भाग हा या गाडीचा त्रास नाही. मालकांचा क्लब १९७६ पासून आहे, आणि मायनरवर पोट भरणारी दुकानं देशभर आहेत. बाथच्या चार्ल्स वेअर यांनी तर हिचे भाग श्रीलंकेत बनवून आणायचा उद्योग केला होता, कारण तिथे मायनर अजून रोजच्या कामाची गाडी होती. मी दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि वरचे-खालचे ट्रनियन मागवले, ओढला गेलेला ब्रेकचा होजपाइप बदलला. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे डबा उघडल्यावर आधी चिठ्ठ्या बांधल्या.

काम अवघड नाही, पण टॉर्शन बारमध्ये पीळ भरलेला असतो, हे विसरून चालत नाही. खालच्या आर्मला जॅकचा आधार दिल्याशिवाय काही सोडायचं नाही, आणि सोडताना बोटं कुठे आहेत ते दर वेळी बघायचं. नवा ट्रनियन चढवताना आणखी एक खुबी : पूर्ण आवळून मग थोडा मागे सोडायचा. नाहीतर एका बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळायच्या आधीच आटे संपतात आणि किंगपिन अडते. पहिल्या खेपेला मी हेच केलं. पुन्हा उघडलं. मडगार्डच्या कडेला आलेला पोचा मात्र काढला नाही. मायनरचं मडगार्ड बोल्टवर असतं, अर्ध्या दिवसात नवं बसलं असतं. बायको म्हणाली, राहू दे.

शनिवार-रविवार करत काम मार्च २०२० पर्यंत लांबलं. गाडी चाकांवर उभी राहिली त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. एप्रिलभर मी रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन नुसती किल्ली फिरवायचो. टिकटिक, टिकटिक, टिक, गप्प. परत घरात.

ऑगस्टमध्ये गाडी एमओटीला नेली, सक्ती नसताना. तोच तपासनीस. त्याने पहार घातली, उचकलं, काही बोलला नाही आणि उजव्या चाकाकडे गेला. एवढं मला पुरलं.

तेव्हापासून खणात एक वही आहे. तारीख, मैल, कोणता निपल, ग्रीस कुठून बाहेर आलं, कोणत्या रंगाचं. काका फोनवर हेच विचारतात, तब्येतीच्या आधी. वहीतला शेवटचा रकाना माझा नाही. तो बायको भरते, डाव्या सीटवर बसून, चालत्या गाडीत, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं. मागच्या फेरीची नोंद अशी : ‘पंप. पहिला गिअर. उतारावर फुर्रर्र. डावीकडून काही नाही.’